निळ्या रेषेबाहेरचं घर

१

नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभा होतो. दामिनी हेडाऊचं कौतुक पुढे उभं राहून ऐकण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही आणि तसं असण्याचा आव आणायचाही मला कंटाळा येतो.

मी विक्रम बक्षी. धरमपेठेत मिठाईच्या दुकानावर मोहरील सरांचं नकाशे तयार करण्याचं ऑफिस आहे, तिथला सगळ्यात जुना माणूस. दामिनी परवा-परवा आली. आली आणि सरांची लाडकी झाली. त्या दिवशी पिंपळी नाल्याच्या पूररेषेचा नकाशा सरकारी खात्याच्या साहेबांच्या हाती जायचा होता आणि लगेच सर नकाशा विभागाची प्रमुख म्हणून तिचं नाव जाहीर करणार होते. प्रमुखाची खुर्ची माझ्या टेबलाच्या अगदी समोर होती. म्हणजे उरलेली नोकरी मी तिचं तोंड पाहत काढायची.

पूररेषेचं काम नाजूक असतं. पूर आला की नाल्याचं पाणी जिथवर चढतं तिथे आम्ही निळी रेषा काढतो. रेषेच्या आत ज्याचं घर, त्याला नवं बांधकाम करायला परवानगी नाही. कागदावर रेषा केसभर सरकली तरी जमिनीवर कुणाचं तरी नशीब सरकतं.

साहेबांनी चष्मा पुसला, नकाशावर वाकले आणि उमरेड रोडकडच्या विणकरपुऱ्यावर बोट ठेवून थांबले.

"मोहरील, कच्चा नकाशा मी पाहिला होता. तेव्हा रेषा इथे अशी नव्हती."

आम्ही सगळेच वाकलो. निळी रेषा गल्लीच्या पलीकडून नीट चालली होती. एका छपरापाशी येऊन ती आत वळली होती, त्याला वळसा घालून पुन्हा आपल्या वाटेला लागली होती. सबंध गल्ली पुरात, आणि मधलं एकच घर कोरडं.

"कोणाचं घर आहे हे?" साहेबांनी विचारलं.

आमच्या नकाशात घरांना नावं नसतात, उपग्रहाच्या फोटोवरून काढलेले चौकोन असतात नुसते. दामिनीने मान पुढे करून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर," ती म्हणाली, "हे तर आमचं घर आहे."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगून टाकतो. आनंद झाला.

२

साहेब फार बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत खरा नकाशा आणि हे करणाऱ्याचं नाव द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, एवढं सांगून जिना उतरले.

सर खुर्चीत बसून राहिले. कृष्णकांत मोहरील एरवी मोठ्या आवाजाचा माणूस, पण तेव्हा त्यांचा आवाजच बसला होता. "दामिनी, तुझ्या बाबांना वरचा मजला चढवायचा आहे ना?"

"हो सर. अभिजीतदादाचं लग्न आहे. त्याला खोली नाही." ती उभीच होती. "पण मी रेषा बदलली नाही. माझ्या नकाशात आमचं घर आतच होतं."

"होतं. परवाच्या चाचणी प्रिंटमध्ये आतच होतं, मीच पाहिलंय. तेच तर म्हणतो. आधी खरं काढलंस आणि मग घरच्यांनी गळ घातली."

आमच्या ऑफिसची रीत अशी, की नकाशा पुरा झाला की तो संध्याकाळी सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकायचा. सकाळी सर तो स्वतःच्या हाताने छापतात. त्या फोल्डरला कुलूप नाही, त्यात कुणीही हात घालू शकतं. पण दुसऱ्या कुणी दामिनीच्या बापाचं घर कशाला वाचवावं? हा प्रश्न मी मोठ्याने विचारला. आवाजात हळहळ आणायला विसरलो नाही.

"संध्याकाळी तू राजीनामा दे," सर तिला म्हणाले. "तुझं नाव मी खात्याला कळवतो. यानंतर नकाशाच्या कामात तुला कुणी उभं करणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

दामिनीने ओठ घट्ट मिटले. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती रडली नाही. "कोणाला तरी बोलवा सर," ती म्हणाली. "ज्याला नकाशा वाचता येतो आणि जो आपल्यातला नाही, अशा कोणाला तरी."

सरांनी फोन लावला आणि माझा आनंद मावळला. कारण अर्ध्या तासात जिन्यावर सँडल वाजल्या आणि गार्गी पांढरीपांडे आत आली.

गार्गी अमरावतीच्या कॉलेजात माझ्यामागे शिकत होती. माझ्या जुन्या जर्नल्सवरून पास झाली. आता जमिनीच्या खटल्यांत कोर्ट तिला नकाशे तपासायला बोलावतं, ती स्वतःच्या गाडीतून फिरते आणि मला 'विक्रम' म्हणते. विक्रमदादा म्हणायला तिचं काय जातं, कोण जाणे.

"काय विक्रम," ती म्हणाली, "तू अजून याच खुर्चीवर का?"

३

ती मीटिंगच्या खोलीत बसली आणि एकेकाला आत बोलावू लागली. मला मात्र तिने शेजारी बसवून घेतलं. ऑफिसची माहिती कुणाला तरी सांगायची होती म्हणून. माझ्या थोरवीमुळे नाही.

आधी आला चेतन पराते. आमचा सर्व्हेअर. यंत्र खांद्यावर टाकून उन्हातान्हात जमिनीची उंची मोजतो, दिसायलाही तसाच रापलेला.

"मले राग आहे मॅडम, खोटं काहून बोलू?" बसल्या बसल्या त्याने सुरुवात केली. "नाल्यात कमरेएवढ्या चिखलात मी उतरलो. नकाशावर नाव कोणाचं, तं दामिनीचं. प्रमुख कोण होऊन राहिलं, तं दामिनी. माह्या पोटात दुखणार नाई का?"

"तिचं घर तुला माहीत आहे?"

"आहे नं. त्या गल्लीत मोजमाप केलं तेव्हा तिच्या आईनं चहा पाजला."

"मग रेषा तू सरकवली?"

चेतन हसला. "मी आकडे आणून देतो जी. पुढचं कॉम्प्युटरवरचं माह्या बापालेही येत नाई. आन् दोन दिवस मी बुटीबोरीले होतो, एका कारखान्याच्या मोजणीवर. आज सकाळीच आलो."

मग धनश्री निमजे आली. ती आणि दामिनी एकाच पुऱ्यातल्या, एकाच शाळेतल्या, एकाच स्कूटीवर येणाऱ्या. डोळे सुजेपर्यंत रडली होती.

"दामिनी तशी नाही वं ताई," ती म्हणाली. "तिला काही करू नका. घरच्यांनी मागे लागून करवून घेतलं असन. मी कितीदा जेवली आहे त्यांच्या घरी, त्या वरच्या मजल्याची किती आस आहे त्यांना ते मले माहीत आहे. माणूस कधीतरी चुकतोच ना."

"म्हणजे तिने केलं, असं तुला वाटतं?"

"मले कसं वाटन? माझी मैत्रीण आहे ती."

गार्गीने टिशूचा डबा तिच्याकडे सरकवला. "तू सध्या कशावर काम करून राहिली?"

"दर्यापूरकडे एक कालवा आहे. त्याचा नकाशा. बाहेरचं पहिलंच काम दिलं सरांनी."

ती गेल्यावर गार्गी माझ्याकडे वळली. "आता तू. दामिनीचं घर तुला माहीत होतं?"

"नाही."

"इतके दिवस एका ऑफिसात?"

"मला कधी कुणी बोलावलं नाही," मी म्हणालो. वाक्य तोंडातून गेल्यावर ते किती झोंबतं आहे ते माझ्याच लक्षात आलं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी असा एक म्हातारा दारात उभा होता. दामिनीचे वडील, जागेश्वर हेडाऊ. लेकीला गळ घातली की नाही हे विचारायला सरांनीच त्यांना बोलावलं होतं.

"मी काही सांगतलं नाई पोरीले," ते सरांना म्हणत होते. "आम्ही हातमागावर बसणारी माणसं. तिच्या कामातलं मले काय समजते? पण तुमी म्हणत असान का तिनं खोटं केलं, तं मी इथून हलत नाई." आणि ते बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

४

गार्गीने बाहेर येऊन सगळ्यांसमोर दोन्ही नकाशे मागवले. एक परवाची चाचणी प्रिंट आणि दुसरा आज सकाळी छापलेला. एकाच मापाचे कागद, एकच प्रमाण, दोन्हींवर उत्तरेचा बाण सरळ वर. तिने चष्मा काढला, दोन्ही कागद एकावर एक धरले आणि खिडकीच्या काचेवर दाबले. मागून ऊन आलं.

"विक्रम, खालच्या कोपऱ्यातला पूल जुळव."

मी जुळवला. पुलावर पूल बसला.

"आता वरच्या कोपऱ्यातली पाण्याची टाकी बघ."

टाकीवर टाकी बसत नव्हती. चांगली बोटभर सरकलेली. मी टाकी जुळवली तर पूल निसटला. निळी रेषाच नव्हे, सबंध नकाशा जरासा कलला होता. रस्ते, घरं, नाला, सगळंच. भिंतीवरची तसबीर कलावी तसं, पण आपल्याजवळ ओळंबा नसला की कळू नये इतकंच.

याचा अर्थ गार्गीला आणि मला लगेच कळला.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. पृथ्वी गोल, कागद सपाट. गोल गोष्ट सपाट करायची तर तिचे उभे तुकडे पाडावे लागतात. नागपुरात राहून दुसरं उदाहरण कुठून आणू, संत्र्याच्या फोडीच म्हणा. प्रत्येक फोड वेगळी चपटी करायची आणि प्रत्येकीला आपापला क्रमांक. गंमत म्हणजे एक फोड संपून दुसरी सुरू होण्याची रेघ आपल्या विदर्भाच्या मधूनच जाते, चांदूर रेल्वेच्या थोडं पुढून. पश्चिमेला अमरावती, अकोला ही त्रेचाळीस नंबरची फोड, पूर्वेला वर्धा, नागपूर ही चव्वेचाळीसची. दोन्ही फोडींत कागदावरची 'वर' ही दिशा थोडी वेगळी असते. नागपूरचा नकाशा चुकून त्रेचाळीसमध्ये छापला तर सगळं दिसतं बरोबर, फक्त दोन अंशांनी कलतं.

गार्गीने माझ्या टेबलावरचा कोनमापक आणून लावला. दोन अंशांहून जरासं जास्त.

"दामिनीची फाइल चव्वेचाळीसमध्ये आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलली. "रेषा तिला बदलायची असती तर तिने आपल्याच फाइलीत बदलली असती, नकाशा कललाच नसता. कुणीतरी तिची रेषा, तिचे रस्ते, तिची घरं उचलून स्वतःच्या फाइलीत ओढली. तिथे खोटेपणा केला आणि तिच्या नावाने फोल्डरमध्ये टाकला. त्याच्या फाइलीला मात्र अमरावतीकडची सवय होती."

चेतनने माझ्याकडे पाहिलं. सरांनी पाहिलं. बाकावरच्या म्हाताऱ्यानेसुद्धा पाहिलं. या ऑफिसात अमरावतीचा मी एकटा. अर्धं आयुष्य त्रेचाळीसमध्ये काढलेला. आणि दामिनीवर मी जळतो, हे तर खालच्या मिठाईवाल्यालाही माहीत होतं.

"विक्रम," सर म्हणाले, "तू?"

५

मी मनातल्या मनात दामिनीला किती वेळा पायऱ्यांवरून ढकललं असेल याचा हिशेब नाही, पण तिच्या नकाशाला मी हात लावला नव्हता. आणि हे पटवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"त्यांनी नाही केलं," कुणीतरी म्हणालं.

दामिनी होती. राजीनाम्याचा कागद तिच्यासमोर तसाच पडलेला.

"विक्रमदादांना आमचं घर माहीतच नाही," ती म्हणाली. "ते कधी आलेच नाहीत. मी सकाळी बोलले नसते तर तो चौकोन आमचा आहे हे त्यांना कसं कळलं असतं? अख्ख्या गल्लीत छपरं सारखी आहेत."

ज्या मुलीच्या बरबादीवर मी सकाळी खूश झालो होतो ती मला सोडवत होती. उपकाराचं ओझं वाटायला हवं होतं. मला वाटला राग. एवढं चांगलं असायची तिला काय गरज होती?

"बरोबर," गार्गी म्हणाली. "आणखी एक. आजच्या नकाशाच्या खालच्या पट्टीत फोडीचा क्रमांक चव्वेचाळीस लिहिलाय. दामिनीच्या नकाशावरून जसाच्या तसा उचललाय. विक्रमला या क्रमांकाचा अर्थ कळतो, त्याने खाली चव्वेचाळीस लिहिताना फाइलही चव्वेचाळीसमध्ये आणली असती. हे अशा माणसाचं काम आहे ज्याची फाइल त्रेचाळीसमध्ये आहे, पण ते त्याला ठाऊकच नाही." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "विक्रम, इथे त्रेचाळीसची फाइल आणखी कोणाकडे आहे?"

उत्तर मला आत्ता सापडलं. कारण ती फाइल मीच लावून दिली होती. "दर्यापूर," मी म्हणालो. "दर्यापूर अमरावतीच्या बाजूला येतं. पहिल्यांदाच पलीकडचं काम होतं, म्हणून क्रमांक मी निवडून दिला. का, ते तिने विचारलं नाही आणि मीही समजावलं नाही."

"घर माहीत असलेले तिघे," गार्गी शांतपणे म्हणाली. "दामिनी, चेतन आणि धनश्री. त्रेचाळीसची फाइल असलेले दोघे. विक्रम आणि धनश्री. दोन्हीकडे येणारं नाव एकच आहे."

धनश्रीने नाही म्हटलं नाही. ती दामिनीकडेच बघत होती.

"पाचवीपासून," ती म्हणाली, "पाचवीपासून तू पहिली आणि मी दुसरी. माझा बाप रोज म्हणते, दामिनीकडे पाहून शीक. मी स्कूटीवर मागे बसते, तू पुढे. इथं नोकरी लागली तेही तू सांगितलं म्हणून. आता प्रमुख झाली असती, तं मले काम तू वाटून दिलं असतं." तिचा आवाज फाटला. "मी तुझं घर बुडवलं नाही. वाचवलंच ना? तुझ्या दादाले खोली भेटली असती. फक्त तुझं नाव थोडं..."

"थोडं?" दामिनी म्हणाली.

सरांनी तिला आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. जाताना ती माझ्या टेबलाजवळून गेली. मला तिची किळस यायला हवी होती. पण तिचं एकूण एक वाक्य मला ओळखीचं वाटलं.

६

गार्गी निघून गेली. जाताना "खुर्ची बदल रे विक्रम" असं म्हणायला विसरली नाही.

संध्याकाळी दामिनीने आपल्या मूळ फाइलीतून नकाशा पुन्हा छापायला लावला. प्लॉटर घरघरत कागद सोडू लागला. आधी रस्ते आले, मग नाला, मग विणकरपुऱ्याची गल्ली आणि तिच्या पलीकडून सरळ, कुठेही न वळता जाणारी निळी रेषा. ती हेडाऊंच्या घरापलीकडून गेली, शेजारच्या घरापलीकडून गेली आणि कागदाच्या काठाशी पोचली.

सरांनी खाली सही करायची जागा दाखवली. एकदा ही सही झाली की वरचा मजला गेला, अभिजीतची खोली गेली. दामिनीने पेन उचललं खरं, पण ती थांबली. जागेश्वर बाकावरून उठून टेबलापाशी आले होते. कागदावर त्यांना काय कळत होतं देव जाणे. चौकोनांच्या गर्दीवर त्यांची नजर नुसतीच फिरत होती.

"आपलं घर कुठी आहे यात?" त्यांनी विचारलं.

तिने बोट ठेवलं.

"रेघेच्या आत का भायेर?"

"आत, बाबा." तिचा आवाज दिवसभरात पहिल्यांदा कापरा झाला. "वर बांधता येणार नाही आता."

म्हाताऱ्याने तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं.

"रेघ तुवा काढली?"

"हो."

"मंग बराबर असन," ते म्हणाले. त्यांनी पिशवी काखेत मारली. "मागच्या साली पाणी चुलीपर्यंत आलंच होतं. कर सही. तुयी माय वाट पाहून राहिली."

तिने सही केली. मी समोरच्या टेबलावर बसून पाहत होतो. माझे वडील शेवटपर्यंत मला विचारत राहिले, की दिवसभर रेघा ओढून तुझं पोट कसं भरतं. माझा एकही नकाशा त्यांनी हातात घेतला नाही. दामिनीच्या खुर्चीचा, तिच्या नावाचा, सरांच्या तिच्यावरच्या मायेचा हेवा मी रोज केला होता, त्याची मला सवय झाली होती. पण त्या म्हाताऱ्याने 'मंग बराबर असन' म्हटलं, तेव्हा जो हेवा वाटला तो मला सहन झाला नाही. मी कॉम्प्युटर चालू ठेवूनच जिना उतरलो.